तुम्ही विचारलंत म्हणून: मुंग्या मारते का मी?

हो. मारल्या आहेत. एका बिळातल्या सगळ्या, राणीसकट, ठरवून.

मुंग्यांवरचं माझं व्याख्यान संपून चहा आला की कोणीतरी हसत हसत विचारतंच, "बाई, तुमच्या ओट्यावर मुंग्या झाल्या तर तुम्ही काय करता हो?" लग्नात विचारतात, वाण्याकडे विचारतात. एका माजी विद्यार्थ्याने रात्री साडेअकराला फोन करून विचारलं होतं, साखरेच्या डब्यासमोर उभं राहून. माझं उत्तर ठरलेलं असतं: साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवा, वासाची वाट पुसली की रांग मोडते, मारायचं कारण नाही. हे खोटं नाही. फक्त ते ओट्यापुरतं आहे, आणि तुम्हाला ओट्याचंच विचारायचं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

आईला जुना मधुमेह. शेवटचं दीड वर्ष ती अंथरुणालाच होती, डाव्या टाचेला जखम, रोजची मलमपट्टी. त्या पावसाळ्यात एक दिवस म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात गं." साखरेने नसा बिघडतात, पाय बधिर होतात, मुंग्या येतात. मी विज्ञान शिकवणारी. मला कोणी सांगायला नको होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, "नसांमुळे वाटतं तसं." तिसऱ्या रात्री म्हणाली, "अगं, चालतायत." मी म्हटलं, "हो, तसंच वाटतं."

चौथ्या दिवशी सकाळी चादर बाजूला केली. पलंगाच्या पायावरून वर, गादीच्या शिवणीच्या कडेने, पट्टीच्या आत. तांबूस रांग. घोट्यावर लाल फोड उठलेले. टाचेला तिला काही कळतच नव्हतं. कळत होतं ते घोट्याच्या वर, आणि तेवढ्यावरून बिचारी चार दिवस सांगत होती. शाळेत मला मुंग्यांच्या बाई म्हणायचे. त्या बाईंना त्यांची आई सरळ मराठीत मुंग्या आल्या म्हणून सांगत होती, आणि बाई त्यातून वाक्प्रचार ऐकत होत्या.

पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी आधी भिंग आणलं. कंबरेला दोन गाठी. मिशांना दहा पेरं, त्यातली शेवटची दोन फुगीर. काही कामकरी मुंग्यांची डोकी अंगाच्या मानाने भलतीच मोठी, चौकोनी. सोलेनॉप्सिस जेमिनाटा, इंग्रजीत जिला फायर अँट म्हणतात ती. "कुठली आहे?" आईने विचारलं, मुलीचं वेड तिला ठाऊक होतं. मी नाव सांगितलं. मग तिचा पाय धुतला. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. ते अर्धं मिनिट मला अजून कुठे ठेवावं कळत नाही.

बीळ तुळशीपाशी होतं, फरशीखाली. तीन पातेली उकळतं पाणी ओतलं. दोन दिवसांनी पुन्हा माती बाहेर. मग मला जे येत होतं ते मी वापरलं. मुंगीची कंबर इतकी बारीक असते की पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट काही गिळू शकत नाही, पातळच घेते. पोटात तिला दोन कप्पे. मागचा स्वतःचा. पुढचा गावजेवणाचा. भुकेलीने मिशांनी थोपटलं की भरलेली मुंगी त्यातला थेंब वर काढून तिच्या तोंडात देते. असं तोंडातोंडी होत घास अळ्यांपर्यंत पोचतो, राणीपर्यंत पोचतो. वर्गात हे सांगताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. त्याच वाटेने मी गुळाच्या पाण्यातून बोरिक पावडर पाठवली. अगदी थोडी. जास्त झाली तर नेणारी वाटेतच मरते आणि राणी वाचते, हे मला माहीत होतं.

दोनेक आठवड्यांत फरशी शांत झाली. त्याच बिळाशी आई चालती-फिरती असताना दर शनिवारी पीठसाखर घालायची. "शनिवार ना आज? घातलंस का पीठ?" ती पलंगावरून विचारायची. मी म्हणायची, घातलं.

माझ्याकडे युक्तिवाद आहे, आणि तो चांगला आहे. ही मुंगी इथली नाहीच. मूळची अमेरिका खंडांतल्या उष्ण भागातली. सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियाकडे आली, असं २०१५ च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. स्थानिक मुंग्यांना ती हुसकावते. म्हणजे मी केलं ते एका परीने निसर्गाच्या भल्याचंच. हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगून पाहिलं. पण मग मिरचीसुद्धा तिकडचीच, आणि ती माझ्या रोजच्या फोडणीत असते. आणि आईच्या पायावर आपले इथलेच काळे डोंगळे असते तर? त्यांनाही सोडलं नसतं.

"माणसाने मुंगी मारावी असं एकही सबळ कारण नाही." हे वाक्य माझंच, शाळेच्या एका जुन्या अंकातलं. ते लिहिणाऱ्या बाईंची आई तेव्हा चांगली हिंडत होती. त्यांना खोडून काढावं असं वाटतं, आणि तेही जमत नाही. जगात नोंदलेल्या जाती चौदा हजारांच्या वर, भारतात आठशेच्या वर. घरात शिरणाऱ्या त्यातल्या मोजक्या. बाकीच्या माती भुसभुशीत करतात, बिया वाहून नेतात, मेलेले किडे उचलतात, आणि आपण एका डब्यापायी अख्ख्या आवारात फवारा मारतो. मी "हो, मारते" म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. परवानगी मिळाल्यासारखे निवांत होतात. इतकी वर्षं टाळत आले ते यासाठी. थोडं लाजेखातरही, आता खोटं कशाला बोलू?

आई त्याच वर्षी मार्गशीर्षात गेली. मुंग्यांमुळे नाही; तेवढं मी डॉक्टरांना विचारून घेतलं, दोनदा.

यंदा पहिल्या पावसानंतर तुळशीपाशी फरशीच्या फटीतून पुन्हा बारीक माती वर आली आहे. शनिवारी मी तिथे पीठसाखर घातली. कुठल्या आहेत ते पाहिलेलं नाही. भिंग कपाटात आहे.