तीन मिनिटं, एकच स्लाइड

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा आता अनेक देशांत होते. नियम कडक. स्लाइड एकच, तीही स्थिर. हातात कुठलीही वस्तू घ्यायची नाही. तीन मिनिटं उलटली की बाद. पीएचडी संपत आली होती तेव्हा मी त्यात भाग घेतला. माझा विषय होता कॅथेटरच्या, म्हणजे पेशंटच्या शरीरात घातलेल्या नळीच्या आत जिवाणूंचा जो चिकट थर जमतो तो, म्हणजे बायोफिल्म. समोर बसणार होते इतिहास, कायदा, अर्थशास्त्रवाले.

लिहायला बसण्याआधी मी लेखा विभागातल्या ओळखीच्या एका बाईंना माझं काम तोंडी सांगितलं, की या थरातले जिवाणू औषधाला सहज दाद देत नाहीत. त्यांनी लगेच विचारलं, “मग डोस वाढवा ना! अडतंय कुठे?” आमच्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ असतं. थरातल्या जिवाणूंना मारायला सुट्या जिवाणूंच्या शेकडो पट औषध लागू शकतं, आणि तेवढं पेशंटलाच झेपत नाही. पण बाहेरच्या माणसाचं सगळं कुतूहल नेमकं तिथेच असतं. मी अख्खं भाषण त्या एका प्रश्नावर उभं केलं.

सगळ्यात जास्त वेळ आलेखाने खाल्ला. आम्ही जिवाणूंची संख्या लॉग स्केलवर मांडतो, म्हणजे रेघ एक अंक खाली आली की संख्या दहापट कमी. औषधानंतर रेघ ८ वरून ५ वर येते. सवय नसलेल्याला वाटतं, निम्मंसुद्धा काम झालं नाही. प्रत्यक्षात १० कोटींतले १ लाखच उरलेले असतात, म्हणजे ९९.९ टक्के मेलेले. मी आलेख काढून टाकला आणि हे आकडेच बोलले. पुढे जोडलं, की अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, तेव्हा त्या १ लाखांचे पुन्हा १० कोटी व्हायला साडेतीन तासही लागत नाहीत. सभागृहात चुळबुळ झाली ती इथे. सोपं करताना शास्त्र पातळ होतं असं म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. लॉग स्केल गेला, खरेपणा तसाच राहिला.

स्लाइडवर दातांवरच्या किटणाचा मोठा केलेला फोटो ठेवला. तीही बायोफिल्मच. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पहिल्यांदा पाहणाऱ्या डच लेव्हेनहुकने १६८३-८४ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचं किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि नोंदवलं, की व्हिनेगरने वरचे जीव मरतात, आतपर्यंत ते पोचत नाही. माझ्या प्रबंधातला मूळ प्रश्न हाच.

नंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने गाठून विचारलं, “रोज दात घासूनही तो थर परत का येतो?” स्वच्छ दातावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं पातळ अस्तर चढतं आणि जिवाणू त्यालाच चिकटतात, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे कॅथेटरवर ते अस्तरच धरू दिलं नाही तर?” प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी हेच तपासलं होतं, आणि तीन मिनिटांत त्याचा उल्लेखही केला नव्हता.