लुईझ राजकन्येचं चित्र : सहावा आठवडा

गेल्या वेळी दाखवलेला चेहरा खरवडून टाकला. हो, तोच, ज्याचं तुम्ही एवढं कौतुक केलंत.

वयाचा हिशेब चुकला होता. चित्रात लुईझ आपल्या आईचा, व्हिक्टोरिया राणीचा पुतळा घडवते आहे. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला, पांढऱ्या संगमरवराचा. त्यातली राणी राज्याभिषेकाच्या वेशातली तरुण मुलगी आहे. पुतळ्याचं अनावरण १८९३ चं, लुईझचा जन्म १८४८ चा. आणि मी रंगवत होतो लग्नातली, २३ वर्षांची लुईझ! खरं तर घडवणारी लेक पंचेचाळिशीला टेकलेली आणि मातीतली आई तिच्यापेक्षा कितीतरी लहान. चित्राचा जीव यातच आहे आणि मी तोच हुकवला होता. आता डोळ्यांखाली रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात दिलाय, हनुवटी थोडी जड केलीय.

चित्रातली छिन्नी-हातोडीही गेली. त्या काळी शिल्पकार आधी मातीत काम करत, मग प्लास्टरचा साचा निघे. दगडातलं बरंचसं काम कारागीर करत. लुईझचा गुरू बोहम, तोही मातीतच रमणारा. मग मातीतला हात बघायला पेणला गेलो आणि गणपतीच्या एका कारखान्यात दुपारभर बसलो. गालावर अंगठा फिरतो तेव्हा बाकीची चार बोटं मागून मूर्तीला सांभाळून धरतात. नखांत शाडू, मनगटावर सुकलेल्या मातीचा पांढुरका पापुद्रा. स्केचवहीची आठ पानं नुसत्या अंगठ्यांनी भरली.

ओल्या मातीचा रंग मात्र छळतोय. पिवळा यलो ऑकर, निळा अल्ट्रामरीन आणि पांढरा मिसळला की शेवाळ. चिमूटभर तांबूस बर्न्ट सिएना घातल्यावर कुठे ताळ्यावर आला. चमक फक्त ओल्या मातीवर आणि डोळ्यांत ठेवलीय, बाकी सगळं कोरडं.

बायको म्हणाली, "ही राजकन्या कशावरून?" आधी गळ्यात मोत्याची माळ होती, तीही मी पुसली. बाह्या कोपरापर्यंत सारून कामाला लागलेली बाई माळ सांभाळत बसेल का? बायकोला पटलेलं नाही.

मागे ओलं फडकं टांगायचंय. आणि डाव्या हाताची करंगळी अजून लाकडाचीच वाटते. कुणाला युक्ती माहीत असेल तर सांगा.