आगरात पाणी उकळतं का?

पेडणे तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना ‘चूक शोधा’ पद्धतीचे सराव तयार करायला मदत करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला आक्षेप अपेक्षितच होता. "बरोबर शिकवायलाच तासिका पुरत नाहीत, त्यात चुकीचं छापून मुलांच्या हातात द्यायचं? तेच डोक्यात बसलं तर?" शंका रास्त होती. म्हणून तास संपायच्या आत दुरुस्त उत्तर वहीत उतरलंच पाहिजे, असं ठरवून टाकलं.

सुरुवातीच्या कागदांवर कुणी ऑक्सिजनचं चिन्ह बदललेलं, कुणी एकक गाळलेलं. असल्या चुका मुलं झटक्यात टिपतात, डोकं चालवावंच लागत नाही. मग मी जुन्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. खरा माल तिथेच होता! बल्बला एकसर जोडलेला व्होल्टमीटर (तो जोडायचा असतो समांतर), लिंबाच्या रसात लाल झालेला हळदीचा कागद (तो पिवळाच राहतो, लाल होतो साबणाच्या पाण्यात).

सगळ्यात रंगलं ते मिठागराचं उत्तर. ‘आगरात उन्हाने पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, त्याची वाफ होते व मीठ खाली राहते.’ वाक्य इतकं सफाईदार की बऱ्याच मुलांनी बरोबरची खूण करून टाकली. आगरवाड्याकडची एक मुलगी मात्र उठली. "टीचर, माझे बाबा त्याच पाण्यात उभे राहून काम करतात. उकळत असतं तर पाय भाजले नसते?"

बाईंनी ‘शाब्बास’ म्हणून विषय मिटवला नाही, हे मला फार आवडलं. "मग न उकळता पाणी जातं कुठे?" त्यांनी विचारलं. दोरीवरचे कपडे निघाले, पुसलेली लादी निघाली. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला होतं पण फक्त पृष्ठभागावरून, म्हणूनच आगराचे वाफे उथळ आणि पसरट, इथवर मुलं आपणच पोचली. वाक्यातलं बरोबर काय, तेही त्यांनी अधोरेखित करायचं होतं.

एक अडचण मात्र आली. उत्तर कुणाचं, यावर कुजबुज सुरू झाली. तेव्हापासून दोन-तीन उत्तरं एकत्र करून शिक्षक स्वतःच्या अक्षरात लिहितात.

आठवीला शिकवणाऱ्या एक बाई नवीन धड्यावर हा सराव अजूनही देत नाहीत. आधी धडा पक्का होऊ दे, म्हणतात. मलाही ते पटतं.