थर्ड शिफ्टनंतरची काटेसावर

गेल्या वर्षी जानेवारीत माझी झोप पार उडाली होती. नाशिकजवळ अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, पंधरा वर्षं झाली. तिन्ही शिफ्ट आलटून पालटून. थर्ड शिफ्ट सकाळी सातला सुटते. घरी येऊन आडवं व्हायचं, तर मिटल्या डोळ्यांपुढे जॉबच, म्हणजे तपासायचे सुटे भागच, फिरायचे. कुठे कडेला बर (धातूची बारीक धार) राहिलीय, कुठे चरा पडलाय, कुठे माप वीस मायक्रॉननं गेलंय. रात्रभर चुका शोधायच्या आणि घरी आलं तरी नजर तीच. भाकरीची करपलेली कड आधी दिसायची, मुलाच्या वहीतली खाडाखोड आधी दिसायची. एकदा बायको शांतपणे म्हणाली, "अहो, घरात तरी काही पास करत जा." ते मला फार लागलं.

त्याच सुमारास मेहुण्यानं नवा मोबाइल घेतला आणि त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा माझ्या हातात ठेवला. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, त्यामुळे पांडवलेण्यांचा डोंगर जाता-येता दिसतोच. शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन तळमळण्यापेक्षा अर्धा तास तिथे जावं, असं ठरवलं.

पहिले दोन आठवडे वाया गेले. दिसेल त्यावर कॅमेरा रोखायचो. चारेकशे फोटो काढले असतील. त्यातले पक्ष्यांचे सगळे हललेले, नाहीतर मागच्या आभाळामुळे पक्षी नुसता काळा ठिपका. घरी बसून एकेक फोटो रिजेक्ट करत होतो, म्हणजे पुन्हा कारखान्यातलंच काम.

डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके आपल्या त्र्यंबकचे, जन्म १८७० चा. सिनेमासाठी भांडवल उभं करायचं होतं तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, तेव्हा पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण त्या दिवशी स्मारकासमोर गाडी लावताना ती वेगळीच उमगली. एवढा मोठा माणूस महिनाभर एका रोपट्यासमोर कॅमेरा लावून बसला. आपण रोज शंभर गोष्टींमागे कशाला धावतोय?

मग मी एक झाड धरलं. उतारावर एक काटेसावर आहे, खोडावर बोथट काटे, तेव्हा पानं पूर्ण झडलेली. ठरवलं, रोज या झाडाचा एकच फोटो, एकाच दगडावर उभं राहून. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सव्वासातला, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी. सेकंडच्या आठवड्यात सकाळी डबा भरायच्या आधी. शिफ्ट बदलण्याचा मला आयुष्यभर त्रास झाला, पण त्यामुळेच तेच झाड तिन्ही उजेडांत बघायला मिळालं. सकाळी तिरप्या उन्हात खोडावरच्या प्रत्येक काट्याची सावली पडते आणि खोड खडबडीत दिसतं. संध्याकाळी ऊन मागून आलं की झाडाची नुसती काळी रेघ उरते.

फेब्रुवारीत कळ्या फुटल्या, मग लालभडक फुलं. सकाळी झाडावर ही गर्दी! साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कावळे, खारी. फूल गळून पडलं की धप्प असा आवाज येतो, इतकं ते जड असतं. एक उचलून तळहातावर घेतलं. पाच जाड मांसल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा दाट झुबका. तळाशी मुंगळे मधावर तुटून पडलेले. त्यात काय चुकलंय हे शोधायचं माझ्या मनातच आलं नाही, आणि हे लक्षात आल्यावर मी तिथेच खाली बसलो.

एका वाळक्या फांदीवरून टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज यायचा. तांबट पक्षी. जुन्या नाशकात भांडी ठोकणाऱ्या तांबटांचा आवाज ज्यानं ऐकलाय, त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. चिमणीहून थोडासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. त्याचा फोटो मिळायला अकरा दिवस लागले. शटरचा वेग १/६० सेकंदावरून १/५०० वर नेला, आभाळ मागे असलं की एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एका स्टॉपनं वाढवायचं हे शिकलो, आणि मुख्य म्हणजे हलायचं नाही हे शिकलो. फोटो मोठा करून पाहिला तर आवाज चालू असताना चोच मिटलेली! फक्त गळा फुगलेला. इतकी वर्षं तो आवाज ऐकतोय, पण चोच मिटून येतो हे मला माहीतच नव्हतं. त्याच फांदीच्या खालच्या बाजूला त्यानं गोल भोक पाडलं होतं, ड्रिलनं पाडावं तसं. एप्रिलमध्ये त्यातून पिल्लाचं डोकं दिसलं. त्या सकाळी मी घरी जाऊन दुपारी दोनपर्यंत गाढ झोपलो.

एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडाला, मग पानं आली. पावसाळ्यात बरेच दिवस नुसतं धुकं. त्यांचेही फोटो आहेत.

डिसेंबरात मुलाला घेऊन नांदूरमधमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. पहाटे निफाडची थंडी अंगात शिरत होती, वाटेत द्राक्षबागांत शेकोट्यांचा धूर रेंगाळत होता. मनोऱ्यावर गावातलाच एक तरुण गाइड होता. मी कॅमेरा काढायला लागलो तर म्हणाला, "दादा, फोटो नंतर. आधी दुर्बिणीतून बघून घ्या." त्यानं मुलाला दाखवलं, "ते काळे, कपाळाला पांढरा टिळा, ते वारकरी. त्या चपट्या चोचीचा थापट्या." दोन तासांत मी फक्त सहा फोटो काढले. मुलानं मात्र वहीत पक्ष्यांची चित्रं काढली, थापट्याची चोच शरीराएवढी. मी ती वही नुसती पाहत राहिलो.

आता कंपनीत चहाच्या वेळी ऑपरेटर पोरं विचारतात, "साहेब, आज झाड काय म्हणतंय?" मोबाइलवर वर्षभराचे फोटो भराभर पुढे सरकवले की झाड लाल होतं, पांढरं होतं, हिरवं होतं, पुन्हा उघडं होतं. एका पोरानं आता घराच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याचे फोटो काढायला घेतलेत.

जुलैच्या वादळात ती वाळकी फांदी भोकासकट मोडून पडली. आता फेब्रुवारी लागलाय, फुलं आलीत, आणि गेल्या मंगळवारपासून टुक-टुक पुन्हा सुरू झालंय. आवाज वरच्या बाजूच्या दुसऱ्या वाळक्या फांदीवरून येतो, भोक अजून दिसलेलं नाही. आज रात्रीपासून थर्ड शिफ्ट आहे. उद्या सव्वासातला पुन्हा बघतो.