लाल अजून ओलाच

शनिवार, रात्री साडेअकरा

आजही लाल वाळला नाही. बोट लावून बघितलं, ठसा उमटला. आता उद्याचा दिवसही गेला.

फ्लेमिश चित्रकार यान व्हॅन आयकच्या १४३३ सालच्या ‘लाल पागोट्यातल्या माणसा’ची नक्कल करतेय. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, जेमतेम २६ बाय १९ सेंटिमीटर. लहान आहे, लवकर होईल म्हणून निवडलं. शहाणी मी!

पहिला आठवडा फळी पांढरी करण्यातच गेला. सरस आणि खडूच्या भुकटीचे आठ हात, मध्ये मध्ये काचपेपर. सरस गरम केला त्या दिवशी रूममेट बाहेर जेवली. पण ते पांढरं अस्तर का लागतं ते आता डोळ्यांना दिसतंय. पातळ रंगातून उजेड आत जातो, खडूवरून परत येतो.

लालचं गणित वेगळंच. खाली हिंगुळी लालाचा दाट थर (हिंगूळ पाऱ्याचा, विषारी, म्हणून आम्हाला कॅडमियम लाल), वर जवसाच्या तेलातले मॅडरचे, म्हणजे एका झाडाच्या मुळांपासून केलेल्या लालाचे, पारदर्शक हात. सावली हवी तिथे हात वाढवायचे. मी घाईत काळा मिसळला, कापड आठवडाभर न धुतल्यासारखं दिसायला लागलं. पुसलं. आणि हा मॅडर वाळता वाळत नाही. रंगकामावर ग्रंथ लिहिणारा बाराव्या शतकातला साधू थिओफिलससुद्धा तेलातले रंग फार वेळ खातात म्हणून कुरकुरलाय, हे वाचून जरा बरं वाटलं. म्हणजे चित्रकारांची चरित्रं लिहिणारा सोळाव्या शतकातला व्हसारी म्हणतो तसा तैलरंगाचा शोध काही व्हॅन आयकने लावला नव्हता.

खरी फजिती घड्यांची झाली. हात आपोआप आजोबांच्या फेट्याकडे वळला; एकसारख्या तिरक्या चुण्या काढून मोकळी झाले. बाईंनी एवढंच विचारलं, “याची टोकं कुठून निघतात?” मला सांगता येईना. मग कळलं, हे पागोटं नाहीच. शापेरॉन, म्हणजे खांद्यापर्यंत येणारी टोपडी. तोंडाची जागा डोक्यावर चढवायची आणि लोंबणारं कापड वर गुंडाळून बांधायचं. जुनी चादर घेऊन आरशासमोर बांधून पाहिली, तेव्हा कुठे डावीकडची घडी समजली. सगळी खरवडून परत काढली.

मूळ चौकटीवर वरच्या बाजूला त्याने ग्रीक अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘आल्स इक कान’: मला जमेल तसं. इतकं रंगवून झाल्यावर हे! आपल्याकडे ‘जमेल तसं करते’ म्हटलं की समोरचा समजून जातो, होणार नाही.

ताटाखाली फळी झाकून ठेवली आहे, धूळ बसू नये म्हणून. डोळे अजून कोरेच आहेत.