कुटारातलं अंडं कोणाचं?

मावशीने सहा तलंगांच्या, म्हणजे अंड्यावर यायच्या वयातल्या तरण्या कोंबड्यांच्या, पायांना चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. शनिवारच्या बाजारात जाणाऱ्या त्या सहा. "चारू चारू थकलो व पोरी," ती म्हणाली, "अंडं देते एक, अन् खातेत चौदा."

मी घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात पशुसखी आहे. शेळ्यांना जंताचं औषध, कोंबड्यांना लस ही माझी नेहमीची कामं. मावशीच्या तलंगा दसऱ्याच्या सुमारास आल्या तेव्हा अडीच महिन्यांच्या होत्या. काही गावठी, काही सुधारित जातीच्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मीच टोचली होती, त्यामुळे त्या पाखरांत माझाही जीव अडकला होता. आता जानेवारी सरत आला होता, तलंगा सहा महिन्यांच्या झाल्या होत्या. सुधारित तलंग साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते, गावठीला थोडे दिवस जास्त लागतात. खाल्लेलं फेडायची वेळ आली, आणि नेमकी तेव्हाच मावशी विकायला निघाली होती.

आठवड्याभरापासून छपरीतल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, टोपल्यात कधी रोज, कधी दिवसाआड एक अंडं सापडत होतं. लहानसं, फिकट बदामी, पहिलटकरणीचं असतं तसं. मावशीच्या मते ते मोठ्या लाल तलंगेचं. "थे पाय, दिवसभर कोकलते."

नुसत्या कोकलण्यावर मी जात नाही. अंडं देऊन कोंबडी कोकलते हे खरं, पण मांजर दिसलं तरी कोकलते, आणि एकीने सुरू केलं की बाकीच्या साथ धरतात. तुराही लालभडक आणि भरदार होता तिचा. पण तुरा अंड्याच्या आधीपासूनच भरू लागतो. त्यावरून एवढंच कळतं की तलंग वयात आली आहे.

गुरुवारी दिवेलागणीला, कोंबड्या खुराड्यात बसल्यावर मी गेले. अंधारात त्या शांत असतात, धरताना फडफड होत नाही. एकेकीला काखेत धरायचं, शेपटीखाली अंड्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बारीक हाडांची दोन टोकं लागतात, त्यांच्यामध्ये बोटं ठेवून बघायची. अंड्यावर नसलेल्या तलंगेची ती टोकं जवळजवळ असतात, जेमतेम एक बोट मावतं. अंडं सुरू व्हायला आलं की ती फाकतात, दोन किंवा जास्त बोटं सहज बसतात. तिथून छातीच्या हाडापर्यंतचं पोटही मऊ आणि सैल लागतं. आणि ती वाट स्वतः ओलसर, रुंद, आडवी दिसते. बाकीच्यांची लहान, गोल, कोरडी.

लाल तलंगेत माझं एक बोटही नीट मावेना. मावशीला मी तिचं स्वतःचं बोट लावून बघायला लावलं. ती काही बोलली नाही, दुसरी पुढे केली.

चौदांत तिघीच निघाल्या: एक कबरी, एक पांढरी, आणि एक उघड्या मानेची काळी. काळीच्या पायाला चिंधी होती.

आता या तिघींत टोपल्यातलं अंडं कोणाचं? मी किराण्यातून जिलेबीत घालतात तसले खायचे रंग आणले होते. पाण्यात घट्ट कालवून कबरीच्या वाटेवर लाल, काळीच्या हिरवा आणि पांढरीच्या निळा लावला. अंडं बाहेर येताना ओलं असतं, रंगाचा ओरखडा कवचावर उमटतो. पिवळा मुद्दाम टाळला, बदामी कवचावर तो दिसला नसता.

शुक्रवारी सकाळी खुराडं उघडायच्या आधी तिघींचं पोट खालून हलक्या हाताने चाचपलं. यात घाई करू नये, आत अंडं फुटलं तर कोंबडी जाते. कबरीत आणि काळीत, दोघींत अंडं हाताला लागलं. कवच भरायलाच वीसेक तास लागतात, त्यामुळे सकाळी देणारीचं तोवर टणक झालेलं असतं.

साडेनऊला टोपल्यात अंडं आलं. बाजूला लाल पट्टा. कबरी!

पण काळी? ती अंगणात नव्हती, छपरीत नव्हती. सांदवाडीत, म्हणजे परसात, गेलो तर मागे पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग, आणि त्याच्या पोटातून खसखस. आम्ही दोघी बाभळीखाली बसून राहिलो. मला पारायणाला बसल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या तासाने काळी बाहेर आली, अंग झाडलं आणि गुपचूप निघून गेली. कोकललीसुद्धा नाही.

मावशीने पऱ्हाट्या बाजूला केल्या. आत नऊ अंडी. वरच्या एकावर हिरवा ओरखडा.

मावशी खाली बसली. "आन् इलेच मी इकत होतो व माय," एवढंच म्हणाली, आणि काळीला धरून आधी तिची चिंधी सोडली.

पांढरीने त्या दिवशी काही दिलं नाही. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून रोजची वेळ पुढे सरकते आणि मधे एखादा दिवस खाडा पडतो. की ती अजून अंड्यावर यायचीच आहे? निळा रंग पुन्हा लावायचं ठरलं. टोपली एकच, तिच्यात कबरी बसलेली, म्हणून काळी पऱ्हाटीत शिरली असणार. आडोशाला आणखी दोन टोपल्या मांडल्या, तिथेच बसायची सवय लागावी म्हणून एकीत अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवला, आणि आठवडाभर सकाळी अकरापर्यंत कोंबड्या आतच ठेवायला सांगितल्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. दाण्यात मिसळायचा नाही, कारण अंड्यावर न आलेल्यांना जास्तीचा चुना बाधतो. ती नऊ अंडी खुडकीखाली, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली, बसवू का, असं मावशीने विचारलं. नको म्हटलं, पहिली अंडी लहान, पिल्लं नाजूक निघतात. ती पाण्यात सोडून पाहिली, सगळी तळाशी आडवी बसली. खायला चांगली होती.

शनिवारी बाजारात तलंगांऐवजी मावशीकडच्या तीन नर कोंबड्यांपैकी एकच गेला. संध्याकाळी मावशी शेजारच्या जावेला घेऊन माझ्या दारात उभी. जावेच्या काखेत एक तलंग, आणि मावशी तिला दोन बोटं दाखवून समजावत होती.