बाईंच्या टेबलासाठी, आमच्या चौकटीचं सागवान

बाई ऑगस्टअखेर रिटायर झाल्या. ५८ पूर्ण. बॅचच्या ग्रुपवर शाल, घड्याळ, चांदीचा गणपती असं सगळं चाललेलं, मी पैसेही भरले, पण मला बाईंना हातानं केलेलं काहीतरी द्यायचंच होतं. कारण शाळा सुटली तरी बाई घरी टेबलावर गल्लीतल्या पोरांच्या वह्या तपासत बसणार हे मला पक्कं माहिती, आणि त्या टेबलावर चष्मा, लाल पेन आणि खडू ह्या तीन गोष्टी कायम शोधाव्या लागतात हेही माहिती. म्हणून ठरवलं, पेन स्टँड करायचा पण ह्या तिघांच्या मापाचा.

लाकूड घरातच होतं. सांगलीत आमच्या गावभागातल्या जुन्या घराची सागवानी चौकट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, तेव्हा ही चौकट पाण्यात उभी होती. नंतर पप्पांनी दार बदललं, पण चौकट काही टाकवली नाही त्यांना. खालचा हातभर भाग कुजलेला, वरचा मात्र ठणठणीत. वरचा थर रंध्यानं काढला तसं आतून मधासारखा रंग निघाला आणि वास तर असा की पप्पा आतल्या खोलीतून उठून बघायला आले.

खिळे उपसण्यातच एक रविवार गेला. जुन्या लाकडात एक जरी खिळा राहिला तरी वखारीतलं पातं जातं, म्हणून खिळे काढल्याशिवाय ते लाकूड हातात घेत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. तिथून ११ इंच लांब, ४ इंच रुंद अशी फळी काढून आणली आणि वर पेनांसाठी एक ठोकळा फेविकॉलनं चिकटवला. रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवला, सकाळी हात लावला तर ठोकळा सुटा! एवढं वाईट वाटलं ना. कोपऱ्यावरच्या सुतारमामांकडे घेऊन गेले तर ते बोट फिरवून म्हणाले, "ताई, सागाला अंगचं तेल असतंय, त्यावर गोंद धरत नाही. आधी थिनरनं पुसून घ्या, वाळलं की लगेच चिकटवा." तसं केलं आणि बसला एकदम घट्ट. त्याच तेलामुळं सागाला वाळवी सहसा लागत नाही म्हणे, म्हणजे ज्या गुणामुळं चौकट इतकी वर्षं टिकली त्यानंच माझा जोड सोडवला होता.

पॉलिशला पण घाई केली नाही. बाहेर पाऊस, हवा ओली, अशात लाखेचं पॉलिश मारलं की पांढरट पडतं, म्हणून चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबले. १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. चष्म्याची खाच मी स्वतःच्या चष्म्यावर बेतली आणि आत जुन्या सुती साडीचा तुकडा लावला, काच घासू नये म्हणून. लाल पेनाचं भोक सगळ्यात पुढं, उजव्या हाताला.

एक भोक मात्र मी पाडलेलं नाही. तोरणाच्या खिळ्याचं आहे ते, भोवती लोखंडाचा काळा डाग. मामा म्हणाले लांबी, म्हणजे पुट्टी, भरून देतो, मी नको म्हटलं.

बाईंनी स्टँड हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. मग त्या भोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय गं?" मी सांगितलं, आमच्या दाराची चौकट आहे बाई, तोरणाचा खिळा होता तिथं. सातवीत मी स्कॉलरशिपच्या जादा तासाला यायचं बंद केलं, घरी आजी आजारी होती, तेव्हा तुम्ही शाळा सुटल्यावर ह्याच दारात उभ्या राहून पप्पांशी अर्धा तास बोलला होतात, आत या म्हटलं तरी आला नव्हतात. पोरीला उद्या पाठवा, एवढंच म्हणत होता.

बाई जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग चष्मा काढून खाचेत ठेवला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तोरण सुकलेलं होतं. गणपती होऊन गेले होते."